गच्चीवरची पिवळी चादर

दि. २ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. अक्षर पाहून वाटलं, कोंबडीने शाईत पाय बुडवून पाठवलंय. एअर मार्शल झालास म्हणून काना-मात्रा माफ होत नाहीत. मी पस्तीस वर्षं पोरांना भूमिती शिकवली, पण सरळ रेषेत लिहायला सख्ख्या भावाला शिकवू शकले नाही. लहानपणी तोंडाने घूं घूं करत घरभर फिरायचास म्हणून तुझं नाव भुंगा पडलं, आणि बघता बघता भुंगा आख्ख्या विभागाच्या विमानांचा प्रमुख झाला. आता महिनाअखेरीस निवृत्ती. संचलनाला मी येणार आहे. त्यासाठी नवी चप्पल घेतली, ती आत्तापासून चावते आहे.

निरोपाचं शेवटचं उड्डाण तू आमच्या इथल्या तळावरून करणार हे वाचून फार बरं वाटलं. इथूनच सुरुवात केलीस, इथेच शेवट. मला ते जुने दिवस आठवले. तू नवा पायलट, घरी फोन नाही, बाबा अंथरुणाला खिळलेले. बाबा बरे असले की मी गच्चीवर पिवळी चादर वाळत घालायची. तू उतरायला येताना ती बघायचास आणि पंख हलवायचास. चादर नसली की समजायचं, घरी ये. एकदाच ती घातली नव्हती, आणि तू विमान उतरवून तसाच सायकलवर आला होतास.

आता विमानांचा उतरायचा रस्ता गावाबाहेरून वळवलाय. आवाज लांबून येतो, मान वर करून कुणी बघतही नाही. तरी जाता जाता एकदा इकडून गेलास तर? मी आपलं सहज म्हणते. चादर अजून आहे, पण धुऊन धुऊन रंग उडालाय, पिवळी म्हणायची ती केवळ सवयीने. नियमात बसत नसेल तर राहू दे.

त्या तरुण पायलटला झाडलंस ते बरं केलंस. बस डेपोत मेकॅनिक असलेल्या बापाला दाखवायला म्हणून डेपोवरून विमान एवढं खाली न्यायचं म्हणजे काय! आकाश काय तुझ्या बापाचं आहे का, असं तू त्याला विचारलंस, हे मी शेजारीपाजारी सगळ्यांना सांगितलं. त्याचं उडणं बंद केलंस तेही योग्यच. एकाला सोडलं की दहा शेफारतात.

शेजारच्यांनी घर रंगवायला काढलंय. रंगारी मोठा गप्पिष्ट आहे, शिडीवरून आमच्या गच्चीशी गप्पा मारतो. बाकी क्षेम. लेक हॉस्पिटलातून दमून येते आणि मला चाल, चाल म्हणून पिडते. पथ्याने राहा. लोभ आहेच, त्याला तुझ्या विमानासारखी उंचीची मर्यादा नाही.

तुझी,
ताई


दि. ११ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

झालं एकदाचं. परवा उडालो. हेल्मेट आता डोक्याला घट्ट होतं. डोकं मोठं झालं की मान, हे तूच ठरव. कॉकपिटमध्ये चढताना गुडघा कुरकुरला तेव्हा शिडी धरणाऱ्या पोराने हळूच हात दिला, आणि मी तो घेतलाही. पण चाकं रनवे सोडून उठली आणि, ताई, चाळीस वर्षं अंगावरून गळून पडली.

माझ्या मागच्या सीटवर स्क्वाड्रनचा प्रमुख होता. या वयात मला एकट्याला सोडत नाहीत, तेही बरोबरच आहे. परतताना मी त्याला म्हटलं, जरा गावाकडून जाऊ. तो हो सर म्हणाला. माझ्या म्हणण्याला हो सर सोडून दुसरं उत्तर ऐकून मला बरीच वर्षं झाली आहेत.

तुझी चादर दिसली. अगदी खरं सांगायचं तर आधी दिसली नव्हती. नदी दिसली, बंद पडलेली गिरणी दिसली, मग तुझी गच्ची दिसली, पण चादर काही दिसेना. माझे डोळे म्हातारे आणि तुझी चादर त्याहून म्हातारी. म्हणून जरा खाली आलो. मग अजून जरा. मग दिसली, आणि तूही दिसलीस, पदर खोचून उभी. मी पंख हलवले. तेव्हा काय वाटलं ते लिहीत नाही, तू लाल शाईने दुरुस्त करशील.

उतरल्यावर पोरांनी हार घातला, फोटो काढले. तुझं पत्र दुसऱ्या दिवशीच येईल असं वाटलं होतं. तू तर गप्प! अक्षरावर बोलायलासुद्धा लिहिलं नाहीस. लवकर लिही. लोभ मागायची सवय नाही मला, पण असू दे.

तुझा,
भुंगा


दि. १५ मार्च

चि. भुंग्यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र मिळालं. विमान पाहिलं. छान दिसलं.

इकडे फारसं नवीन काही नाही. उन्हं तापायला लागली. शेजारच्यांची भिंत अर्धीच रंगवून राहिली आहे, वरचा भाग हिरवा आणि खालचा मळकट. रंगारी सध्या येत नाही. दुसरा बघताहेत. चप्पल अजून चावते आहे, त्यामुळे संचलनाला येणं जमेल असं वाटत नाही. मनावर घेऊ नकोस.

चादर धुऊन कपाटात ठेवली आहे. तुझ्या तब्येतीला जप.

तुझी,
ताई


दि. १९ मार्च

ती. मामास,
सा. न.

हे पत्र आईला न सांगता लिहिते आहे, म्हणून आडवळण न घेता लिहिते. आडवळणं घ्यायला तुम्ही दोघं भावंडं आहातच.

शेजारचा रंगारी आमच्या हॉस्पिटलात हाडांच्या वॉर्डात आहे. मांडीचं हाड मोडलंय, आत स्टीलची पट्टी घातली आहे. त्याच्याकडून व्यायाम करून घेणं हे माझंच काम, म्हणून रोज भेटतो. तू उडालास त्याच दिवशी तो शिडीवरून पडला. विमान डोक्यावरून गेलं, एवढ्या खालून की पायलटची हनुवटी दिसली, असं तो सांगतो. तो सांगतो म्हणते, कारण त्याचं दुसरं कुणी ऐकत नाही. गावाला विमानाच्या आवाजाची सवय आहे. आवाज ऐकला असं सगळे म्हणतात, पण भर उन्हात सगळे घरात होते, विमान किती खाली होतं ते कुणी पाहिलं नाही.

त्याची बायको तळाच्या फाटकावर जाऊन सांगून आली. तिला उत्तर आलं की त्या दिवशी आमचं कुठलंही विमान ठरलेल्या उंचीच्या खाली नव्हतं. ते उत्तर त्याच्या रंगकामाच्या ठेकेदाराने वाचलं आणि सगळ्यांना सांगितलं की रंगारी पिऊन चढला होता. आता तो त्याला परत कामावर घेणार नाही, आणि दुसरा ठेकेदारही पिणाऱ्याला शिडीवर चढवणार नाही. मामा, तो माणूस दारूला शिवत नाही. पायाच्या दुखण्याचं तो काही बोलत नाही. पण आपल्याला दारुडा म्हणतात हे सांगताना त्याने तोंड भिंतीकडे केलं.

आता पुढचं लिहायला मला लाज वाटते. ठेकेदार आपल्या घरीही विचारायला आला होता. आईने सांगितलं की मी स्वयंपाकघरात होते, काही पाहिलं नाही. आई! जिने माझ्या उत्तरपत्रिकेतला माझ्या बाजूने चुकून दिलेला अर्धा गुण परत करायला मला बाईंकडे पाठवलं होतं, ती! त्या दिवसापासून ती गच्चीवर गेलेली नाही, आणि जेवायला बसते पण जेवत नाही.

तू मोठा माणूस आहेस, काय करायचं ते मी सांगायला नको. पण माहीत नव्हतं असं तुला म्हणता येऊ नये म्हणून लिहिलं. राग आला तर माझ्यावर काढ, तिच्यावर नको.

तुझी,
भाची


दि. २२ मार्च

चि. भाचीबाईंस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. दोनदा वाचलं. कळवलंस ते चांगलं केलंस.

त्या गृहस्थांच्या उपचारात काही कमी पडू देऊ नकोस. काय लागेल ते सगळं माझ्याकडे कळव. कुणी पाठवलं ते सांगायची गरज नाही. बरे झाल्यावर त्यांना इथल्या इमारतींच्या रंगाचं काम मिळेल असंही मी बघतो, एक शब्द टाकला की होईल.

बाकीच्या गोष्टीचं म्हणशील तर जरा समजून घे. महिनाअखेरीस समारंभ आहे, निमंत्रणं गेली आहेत, बाहेरून पाहुणे येणार आहेत. आत्ता काही काढलं तर स्क्वाड्रनच्या प्रमुखाची नोकरी धोक्यात येईल, तो बिचारा मागे बसला होता एवढाच त्याचा गुन्हा. तळाने दिलेलं उत्तर मला विचारून दिलेलं नाही. मोठ्या संस्थेत अशा गोष्टी खालच्या खाली होतात. एकदा निवृत्त झालो की शांतपणे यातून मार्ग काढू. आईला सांग, तिने काही चुकीचं केलं नाही. तिने जेवावं.

तुझा,
मामा


दि. २५ मार्च

चि. भुंग्यास,
आशीर्वाद.

तू भाचीला लिहिलेलं पत्र तिने माझ्यासमोर ठेवलं आणि कामावर निघून गेली. मी ते वाचलं. या खेपेला अक्षर चांगलं आहे. तू घाबरलास की अक्षर नीट काढतोस, शाळेपासूनची खोड आहे.

मी चुकीचं केलं नाही असं तू म्हणतोस. तुला सगळं माहीत नाही, म्हणून सांगते. रंगाऱ्याला मीच सांगितलं होतं. सकाळपासून चारदा सांगितलं. माझा भाऊ येणार, चादर बघून पंख हलवणार, तुम्हीही हात हलवा, इथे आपण दोघं तरी त्याची वाट बघतोय हे त्याला दिसू दे. तू आलास तेव्हा मी ओरडले, आला, आला! त्या भल्या माणसाने शिडी धरलेला हात सोडला आणि तुला हात केला. नुसत्या आवाजाने तो पडला नसता रे. त्याने माझ्या सांगण्यावरून तुला हात केला म्हणून पडला. हे तो कुणाला सांगत नाही. भाचीलाही त्याने सांगितलेलं नाही. बाईंना कशाला मध्ये आणायचं, असं त्याने बायकोला सांगितलं म्हणे. आणि ज्या बाईंना तो मध्ये आणत नव्हता, त्या बाई ठेकेदाराला सांगत होत्या की आम्ही स्वयंपाकघरात होतो.

खोटं बोलायला मला विचारही करावा लागला नाही. ठेकेदाराचं वाक्य पुरं व्हायच्या आत बोलून मोकळी झाले. तुझं संचलन, तुझं नाव, माझी ती नवी चप्पल, एवढंच डोळ्यापुढे होतं. त्या दिवसापासून शेजारची अर्धी भिंत मी बघू शकत नाही. त्या बाजूची खिडकी लावून घेतली आहे.

काल हॉस्पिटलात गेले. त्याची माफी मागितली. तो उठून बसायला धडपडला, त्याने मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथून ठेकेदाराकडे गेले आणि त्याच्या माणसांसमोर सांगितलं की मी खोटं बोलले होते. विमान आलं होतं, माझ्या चादरीपर्यंत खाली आलं होतं, मी डोळ्यांनी पाहिलं. त्याने विचारलं, कुणाचं होतं? तुझं नाव मी घेतलं नाही. माझं होतं तेवढं मी सांगितलं. उरलेलं तुझं आहे.

तू त्याचं औषधपाणी करायला निघालास, कामाला लावायला निघालास. त्याने तुझ्याकडे काम मागितलेलं नाही. तो पिऊन पडला नव्हता, एवढं कुणीतरी म्हणावं एवढंच त्याचं म्हणणं आहे. आणि ते म्हणायला तुला समारंभ आड येतो! दुसऱ्याच्या पोराला आकाश तुझ्या बापाचं आहे का असं विचारणारा तू. मग भुंग्या, ते तुझ्या ताईचं तरी कधी होतं?

मला हे लिहिताना वाईट वाटतंय, कारण मागितलं मीच होतं. पण मी बहीण आहे, मी वेड्यासारखं मागणारच. नाही म्हणायचं काम तुझं होतं.

समारंभाला मी येणार नाही. तू घरी येऊ नयेस असं मला वाटतं, असं मात्र मनात आणू नकोस. घर तुझं आहे, काहीही केलंस तरी.

तुझी,
ताई


दि. ४ एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

मी आता कुणी नाही. कपाट रिकामं केलं, गणवेश परत पेटीत गेला. संचलन झालं नाही.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी मुख्यालयात गेलो. माझ्या वरच्या साहेबांनी आधी दार लावून घ्यायला सांगितलं. मग म्हणाले, जाऊ दे ना, दिवस किती उरलेत, हे कुणाला कळणार आहे? ताई, ते अगदी माझ्यासारखंच बोलत होते. मी भाचीला जे लिहिलं तेच शब्द समोरून ऐकले, आणि ते किती केविलवाणे वाटतात ते मला तेव्हा कळलं. मी सगळं लिहून दिलं. विमान मी खाली नेलं, मागच्या माणसाला माझ्या हुद्द्यामुळे नाही म्हणता आलं नाही, आणि तळाने दिलेलं उत्तर मला वाचवायला दिलं. कडक शब्दांची समज मिळाली, समारंभ रद्द झाला. निमंत्रण गेलेल्यांना तब्येतीचं कारण सांगणार होते, तेवढं मी होऊ दिलं नाही. शेवटच्या दिवशी ऑफिसात चहा झाला. लोक कपाकडे बघत होते.

रंगाऱ्यांच्या घरी तळाचं पत्र गेलं आहे, ठेकेदारालाही गेलं आहे. माणूस खरं बोलत होता, चूक आमची होती, असं स्पष्ट लिहिलं आहे. ते पोचलं का, आणि ठेकेदाराने ते सगळ्यांना वाचून दाखवलं का, ते भाचीला बघायला सांग. दारुडा म्हणताना त्याने चारचौघांत म्हटलं होतं.

उरला तो मुलगा, डेपोवरून विमान खाली नेणारा. त्याचं उडणं परत सुरू करावं असं मी त्याच अर्जात लिहिलं होतं. विचार करू म्हणाले. नवीन प्रमुख विचार करतील. ज्याची स्वतःची चूक त्याच प्रकारची, त्याची शिफारस कोण धरणार? मी दिलेली शिक्षा मला काढता आली नाही.

निघायच्या आधी त्याला भेटायला गेलो. त्याला सामानाच्या कोठारात बसवलंय, तिथे तो ब्लँकेटं मोजून घेतो. मला पाहून उठला, सलाम केला. मी सांगितलं की ज्यासाठी तुला इथे बसवलं तेच मी केलं, माझ्या बहिणीसाठी केलं, आणि तुला तसं बोलायचं तोंड मला राहिलं नाही. मला वाटलं होतं, तो रागावेल. रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने ब्लँकेटांची वही मिटली. मग त्याने विचारलं, सर, तुमच्या ताईंना विमान दिसलं का?

मी हो म्हटलं. बरं झालं, म्हणाला. मग सांगायला लागला. त्या दिवशी वडील डेपोतल्या एका बसखाली शिरले होते, इंजिन चालू होतं. त्यांना ना दिसलं, ना ऐकू आलं. बाहेर आले तेव्हा बाकीच्यांनी सांगितलं, तुमचा मुलगा येऊन गेला. तेव्हापासून ते बसखाली जायच्या आधी वर बघतात, आणि घरी गेला की विचारतात, परत कधी येणार? त्याने अजून घरी सांगितलेलं नाही की त्याचं उडणं बंद आहे. कसं सांगू, असं त्याने मला विचारलं. मला, ताई. हातात एक ब्लँकेट घेतलं होतं, तेच घडी करत राहिलो.

मी मंगळवारी बसने येतो. आधी हॉस्पिटलात जाईन, रंगाऱ्यांच्या पाया पडेन, मग घरी. लोभ असावा असं लिहायची या वेळी हिंमत होत नाही, तरी लिहितो.

चादर घालू नकोस. ती दिसली नाही की घरी यायचं असतं, एवढं माझ्या लक्षात आहे.

तुझा,
भुंगा